पहाऱ्यावरच्या माणसाचं ग्रहण



मी सैन्यातून निवृत्त झालेला कर्नल. वय सहासष्ट. मूळचा बेळगावचा, पदवीपर्यंतचं शिक्षण तिथलंच, आणि निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, डोळ्यांचा डॉक्टरही नाही. तरीही या मालिकेत सूर्यग्रहणावर बोलायला मी स्वतःहून तयार झालो. माझ्या एका अर्धवट हुकुमामुळे एका चांगल्या जवानाचा उजवा डोळा अधू झाला. ती गोष्ट आधी सांगतो. मग पुढच्या ग्रहणाची तयारी कशी करायची, ते सांगतो.

सुरुवात बेळगावपासून करू. 16 फेब्रुवारी 1980. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा अंकोल्याच्या बाजूने जमिनीवर आला आणि रायचूरवरून पुढे ओडिशाकडे गेला. आमच्या गावात खंडग्रास होतं, पण चांगलं मोठं. भर दुपारी रस्ते ओस पडले होते. खिडक्यांना चादरी लावलेल्या. आजीने आम्हा सगळ्या भावंडांना माजघरात बसवलं आणि स्वतः दाराशी बसली. कुणी बाहेर पाऊल टाकलं नाही आणि कुणाला काही झालं नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली : ग्रहण आलं की आत बसायचं, संपलं काम.

पंधरा वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1995 ला, मी मेजर होतो आणि एका कंपनीचा कमांडर. राजस्थानातल्या एका छावणीत होतो. दिवाळीचे दिवस. खग्रासाचा पट्टा आमच्यापासून जवळून जाणार होता, पण छावणी त्याच्या बाहेर होती. म्हणजे सूर्य जवळजवळ झाकला जाणार, पण पूर्ण नाही. सकाळी साडेसातच्या सुमारास सुरुवात, साडेआठच्या सुमारास सर्वात जास्त.

आदल्या संध्याकाळी रोल-कॉलला मी हुकूम दिला. उद्या सकाळी सात ते दहा सगळे बराकीत. कुणी वर बघायचं नाही. बघताना दिसला तर माझ्यासमोर हजर. दोन मिनिटांत काम संपलं. का बघायचं नाही, ते मी सांगितलं नाही. विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

आता माझी लाज सांगतो. माझ्या स्वतःच्या खिशात ग्रहणाचा चष्मा होता. सुट्टीवरून परतताना दिल्लीहून दोन आणले होते, एक माझा आणि एक पत्नीचा. सकाळी आम्ही दोघं मेसच्या हिरवळीवर उभे राहून आरामात ग्रहण बघत होतो. उजेड चमत्कारिक झाला होता, थंडी वाजायला लागली होती. मेसच्या पांढऱ्या भिंतीवर लिंबाच्या झाडाची सावली पडली होती. त्या सावलीत उजेडाचे जे ठिपके नेहमी गोल असतात, ते सगळे चंद्रकोरी झाले होते. शेकडो कोरी. पत्नी म्हणाली, "भिंतीवर कुणीतरी कोयऱ्या छापल्यासारख्या दिसतायत." आम्ही हसलो.

चार दिवसांनी फायरिंग रेंजवर माझ्या कंपनीतला एक नाईक पाचच्या पाच गोळ्या चुकला. सातारा जिल्ह्यातला गडी, पलटणीच्या नेमबाजी संघातला. मी त्याला बाजूला घेतलं. तो आधी काही बोलेना. मग म्हणाला, "साहेब, फोरसाइट दिसते, टार्गेटची कड दिसते. मधलं काळं दिसत न्हाई. जिथं बघतो तिथंच भोक पडतंय."

ग्रहणाच्या सकाळी तो क्वार्टर गार्डवर होता. गार्ड कमांडर. माझा हुकूम होता की सगळे बराकीत. पण गार्ड बराकीत बसत नाही, हे मला शिकाऊ कॅडेट असल्यापासून माहीत होतं. तरी आदल्या संध्याकाळी ते माझ्या ध्यानात आलं नाही. त्याच्याकडे कुणीतरी दिलेला जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा होता. त्यातून सूर्य काळसर, थंड दिसत होता. डोळा दुखला नाही, पाणी आलं नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा बघत राहिला. एक डोळा मिटून, नेम धरायच्या डोळ्याने.

नेत्रतज्ज्ञाने तपासलं. दृष्टिपटलाच्या बरोबर मध्यावर भाजल्याची खूण होती. औषध नव्हतं. काही महिन्यांत थोडा फरक पडला, मग पडायचा थांबला. नेमबाजी संघातून नाव गेलं, मेडिकल कॅटेगरी खाली आली. उरलेली नोकरी त्याने स्टोअरमध्ये खातेवह्या सांभाळत काढली आणि हवालदार म्हणून घरी गेला.

त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी मी सकाळी साडेआठला क्वार्टर गार्डची पाहणी करत होतो. तिथेही चुन्याची पांढरी भिंत होती आणि समोर लिंबाचं झाड. भिंतीवर उजेडाचे ठिपके पडले होते, नेहमीसारखे गोल. मी तिथेच थांबलो. ग्रहणाच्या सकाळी या भिंतीवरही शेकडो कोरी उमटल्या असणार. त्याच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर. "वर बघू नकोस, भिंतीकडे बघ" एवढं एक वाक्य माझ्या हुकुमात असतं, तर त्याने सगळं ग्रहण बघितलं असतं आणि डोळाही राहिला असता.

तेव्हापासून मी मानतो की ग्रहणाच्या दिवशी नुसती बंदी घालून भागत नाही. माणसाला कारण सांगावं लागतं, बघायचं साधन द्यावं लागतं, आणि जो आत बसू शकत नाही त्याचा विचार सर्वात आधी करावा लागतो.

आता पुढचं. आपल्या देशातून दिसणारं यापुढचं सूर्यग्रहण आहे 2 ऑगस्ट 2027 ला, सोमवारी. आषाढातली अमावास्या. खग्रासाचा पट्टा दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा जातो. इजिप्तमध्ये लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ पूर्ण झाकलेला असेल. आपल्याकडे मात्र ते खंडग्रास असेल, देशाच्या बऱ्याच भागांतून, दुपारी चारच्या पुढेमागे सुरू होऊन सूर्यास्ताच्या आधी संपणारं. पश्चिमेला जास्त, पूर्वेला कमी.

सैन्यात कुठल्याही कामाचा हुकूम पाच भागांत देतात : माहिती, उद्देश, पद्धत, सामानसुमान आणि संपर्क. याच क्रमाने जाऊ.

पहिला भाग, माहिती. तीन वेळा लिहून काढा : सुरुवात, सर्वात जास्त, आणि शेवट. त्या तुमच्या गावच्या हव्यात. मुंबईची वेळ हैदराबादला चालत नाही आणि बडोद्याची ग्वाल्हेरला. पंचांगात, तारांगणाच्या माहितीत त्या मिळतात.

मग रेकी करा. ग्रहणाच्या तीन-चार दिवस आधी, त्याच वेळेला, ठरवलेल्या जागी जाऊन उभे राहा. एवढ्या दिवसांत सूर्याची जागा फारशी बदलत नाही. सूर्याकडे न बघता सावलीवरून दिशा कळते. मध्ये इमारत येते का, झाड येतं का, पाण्याची टाकी येते का, ते बघा. सूर्य पश्चिमेला उतरत असणार, म्हणजे अडथळे जास्त.

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे कोकणात, मुंबईत, गोव्यात, माळव्यात पाऊस. 22 जुलै 2009 चं खग्रास आठवत असेल. सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा पट्टा होता. लोक लांबलांबून आले होते आणि बऱ्याच ठिकाणी ढगांनी सगळं झाकलं. म्हणून दुसरी जागा ठरवून ठेवा. घाटमाथ्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या भागात आकाश उघडं मिळायची आशा जास्त असते. पण तास-दीड तासापेक्षा लांबची जागा नको. ढगांमागे गाडी पळवताना होणारा अपघात हा ग्रहणाहून मोठा धोका आहे.

दुसरा भाग, उद्देश. हा एका वाक्यात असला पाहिजे. माझा असा आहे : "आलेल्या प्रत्येकाने ग्रहण बघायचं आणि जसे डोळे घेऊन आला तसेच घेऊन घरी जायचं." यात "प्रत्येकाने" हा शब्द महत्त्वाचा.

तिसरा भाग, पद्धत. बघायच्या तीन रीती सांगतो.

एक, ग्रहणाचा चष्मा. त्यावर आयएसओ 12312-2 हा क्रमांक छापलेला हवा. पण नुसता छापील क्रमांक पुरेसा नाही, तो कुणीही छापतो. विज्ञान केंद्र, तारांगण, जुनी खगोल मंडळं अशा खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. घरी आणल्यावर तपासा. चष्मा लावून खोलीत फिरा. काहीही दिसता कामा नये. टेबल, खिडकी, माणसं दिसली तर तो चष्मा टाकून द्या. मग विजेच्या दिव्यासमोर धरून ओरखडा, भोक, सुरकुती शोधा. सापडली तर तोही टाकून द्या. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी तो राहू द्यावा आणि हा त्याच्यावरून लावावा. वेल्डिंगची काच वापरायची तर 14 नंबरची, आणि नंबर काचेवर लिहिलेला दिसला पाहिजे. दुकानदाराच्या "चालतंय हो"वर जाऊ नका.

इथे कारण सांगतो, कारण मी ते एकदा सांगितलं नव्हतं. चांगली फिल्टर सूर्याच्या उजेडातल्या लाखातले फार तर तीन भाग आत सोडते. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, रंगीत प्लास्टिक, गॉगल, जुनी सीडी यांतून सूर्य फिका दिसतो, पण डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण बरेचसे आत येतात. वर अंधार वाटल्यामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते, म्हणजे दार आणखी उघडतं. आणि दृष्टिपटलाला वेदना कळणाऱ्या नसाच नाहीत. तळव्यावर निखारा पडला तर हात झटकतो, डोळ्याच्या आत भाजलं तर कळतसुद्धा नाही. कळतं ते काही तासांनी, वाचायला बसल्यावर.

आपल्याकडे परातीत पाणी घेऊन त्यात ग्रहण बघायची रीत आहे. माझी आजीही तसं सांगायची. सूर्याकडे सरळ बघायचं नाही हे तिला बरोबर माहीत होतं. पण हिशेब करून बघा. पाणी, अगदी कमीत कमी म्हटलं तरी, पडलेल्या उजेडातला दोन टक्के परत पाठवतं. म्हणजे लाखात दोन हजार. फिल्टरचे तीन कुठे आणि हे दोन हजार कुठे. सूर्य तिरपा असेल तर त्याहून जास्त. परात नको.

दुसरी रीत, छिद्राची. हिला पैसे लागत नाहीत. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडायचं आणि त्यातून येणारा उजेड पांढऱ्या कागदावर घ्यायचा. पुठ्ठा आणि कागद यांत एक मीटर अंतर असेल तर सूर्याची प्रतिमा साधारण नऊ मिलिमीटरची पडते, हरभऱ्याएवढी. त्या हरभऱ्याला चंद्राने घेतलेला चावा स्पष्ट दिसतो. स्वयंपाकघरातली पिठाची नको, मोठ्या भोकांची चाळणी घ्या. एकदम शंभर कोरी जमिनीवर उमटतात. काहीच नसेल तर झाडाखाली उभे राहा आणि खाली बघा. लक्षात ठेवा, भोकातून सूर्याकडे बघायचं नाही. भोकातून आलेला उजेड कागदावर बघायचा. लहान मुलांना हे दोनदा सांगा.

तिसरी रीत, आरशाची. गर्दी असेल तर ही उत्तम. छोटा आरसा घ्या, त्याच्यावर कागद चिकटवा आणि कागदाला अर्ध्या सेंटिमीटरचं भोक ठेवा. आरशाने उजेडाचा ठिपका दहा मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. नऊ सेंटिमीटरचा सूर्य भिंतीवर येईल, पन्नास जण एकदम बघतील. आरसा एका मोठ्या माणसाच्या ताब्यात हवा आणि तो कुणाच्या चेहऱ्यावर फिरता कामा नये.

दुर्बीण, कॅमेरा, मोबाइल. दुर्बिणीची फिल्टर पुढच्या मोठ्या भिंगावर लावायची असते, डोळ्याजवळ नाही. ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीला डोळा लावणं तर सर्वात वाईट. भिंगाने एकवटलेला उजेड चष्म्याची फिल्टर जाळून आत शिरतो. अनुभवी माणूस सोबत नसेल तर दुर्बीण घरी ठेवा.

आणि एक नियम सोन्यासारखा जपा. फिल्टरशिवाय सूर्याकडे बघता येतं ते फक्त खग्रास अवस्थेत, सूर्य संपूर्ण झाकलेला असताना. लक्झरला जाणार असाल तर तिथे त्या सहा मिनिटांत चष्मा काढा, आणि कडेला उजेडाचा पहिला थेंब दिसताच पुन्हा लावा. भारतात 2027 ला अशी वेळ एक क्षणही येणार नाही. कंकणाकृती ग्रहणातही येत नाही. नव्याण्णव टक्के झाकलेला सूर्यसुद्धा डोळा भाजायला पुरेसा असतो. माझ्या नाईकाचा सूर्य जवळजवळ झाकलेलाच होता.

चौथा भाग, सामानसुमान. 25 ऑक्टोबर 2022 ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, देशाच्या बहुतेक भागांत खंडग्रास ग्रहण होतं. सूर्य ग्रहणातच मावळला. इंदूरला आमच्या कॉलनीत मी चाळीस जणांचा कार्यक्रम आखला. काय चुकलं तेही सांगतो.

आदल्या दिवशी मी गच्चीवर रेकी केली. शेजारच्या इमारतीची टाकी सव्वापाचला सूर्याच्या आड आली. म्हणून जागा बदलून मागचं मैदान घेतलं. चष्मे पस्तीस, त्यांतले पाच राखीव. प्रत्येक चष्म्याला नंबर, वहीत नाव, जाताना परत. दहा वर्षांखालच्या दोन मुलांमागे एक मोठा माणूस. टोप्या, पाणी, सतरंजी. ज्यांना ग्रहणात खायचं नव्हतं त्यांनी खाल्लं नाही, ज्यांना खायचं होतं त्यांनी चिवडा खाल्ला. मी कुणाशी वाद घातला नाही. पाळणाऱ्यांनी पाळावं. एक मात्र मी स्पष्ट सांगितलं की ग्रहणातून कुठलेही वेगळे किरण येत नाहीत. सूर्य रोजचाच असतो. रोज आपण त्याच्याकडे टक लावत नाही, त्या दिवशी लावतो, एवढाच फरक. गरोदर बायकांनाही नियम तोच जो बाकीच्यांना.

चूक झाली ती धुक्याने. फटाक्यांचा धूर आणि संध्याकाळ, त्यामुळे सूर्य तांबूस, मऊ दिसायला लागला. "आता काय होतंय" म्हणत दोन मोठ्या माणसांनी चष्मे काढले. मुलांनी नाही, मोठ्यांनी. मी शिट्टी मारली आणि सगळ्यांना भिंतीकडे वळवलं. धूसर सूर्याचं ब्रीफिंग मी आधी दिलं नव्हतं. 2027 ला पातळ ढगांमागून असाच मवाळ सूर्य दिसणार आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवा : ढगातूनही चष्मा लावूनच.

आता त्या दिवशीची पहिली गोष्ट. सकाळी सर्वांत पहिला चष्मा मी कुणाला दिला असेल? गेटवरच्या वॉचमनला. त्याच्यापाशी बसून पाच मिनिटं सगळं समजावलं, चाळणी दिली, आणि तासाभरासाठी त्याला सोडवायला आलटून पालटून माणसं लावली. तुमच्या घरची यादी करा. ग्रहणाच्या वेळी बाहेर कोण असणार? गेटवरचा रखवालदार, सामान पोहोचवणारा मुलगा, रिक्षावाला, शेतात राबणारा गडी, बांधकामावरची बाई आणि तिची पोरं, चौकातला ट्रॅफिक हवालदार. त्यांना "घरात बसा" म्हणून काही उपयोग नाही. गाडी चालवणाऱ्याला सांगा, बघायचं तर गाडी बाजूला उभी कर.

पाचवा भाग, संपर्क. आवाज एकाचाच हवा. दहा जण सूचना करायला लागले की कुणी ऐकत नाही. मी चार हुकूम ठेवतो : मान खाली, चष्मा लाव, वर बघ, मान खाली. चष्मा लावायचा आणि काढायचा तो मान खाली असतानाच. सूर्याकडे तोंड असताना कधीच नाही. आदल्या दिवशी मुलांकडून याची पाच वेळा कवायत करून घ्या. त्यांना खेळ वाटतो, आणि तेच हवंय.

कवायत म्हटल्यावर हसू नका. 22 जानेवारी 1898 ला खग्रासाचा पट्टा कोकणातून गेला. नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्गावर तळ ठोकून होता. मदतीला मेलपोमिनी या युद्धनौकेवरचे नौसैनिक. ते काही खगोलतज्ज्ञ नव्हते. हातात फक्त दोन मिनिटं मिळणार, म्हणून त्यांच्याकडून उपकरणांवर कवायती करून घेतल्या गेल्या. सोलापूरकडे जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपला चमू घेऊन बसले होते. दोन मिनिटांसाठी एवढी तयारी. आपण निदान पाच मिनिटं द्यायला हरकत नाही.

ग्रहण संपल्यावर काम संपत नाही. रात्री प्रत्येकाने एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन बघावेत. एखादा चौकोन गायब, रेघ वाकडी, मध्ये काळा किंवा पिवळा डाग, असं काही वाटलं तर दुसऱ्या दिवशीच नेत्रतज्ज्ञाकडे जा. आणि मुलांना रागावू नका. माझा नाईक चार दिवस गप्प राहिला तो डोळ्यापेक्षा माझ्या भीतीने.

2022 च्या त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर, सत्तावीस वर्षांनी, मी त्याला फोन केला. मधल्या काळात दिवाळीचे नमस्कार व्हायचे, पण या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "त्या दिवशी चूक माझी होती. माझ्याकडे चष्मा होता आणि तुझ्याकडे नव्हता."

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, बघायची हौस मलाबी होती, चूक माझीबी हाय. पर कुणी नीट सांगितलं असतं, तर नसतो बघितलं."

मी त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

मग त्यानेच विचारलं, "आता पुन्हा कवा हाय?" मी 2027 ची तारीख सांगितली. त्याची नात तेव्हा शाळेत असेल. तिच्या वर्गाला चष्मे पाठवायचं मी कबूल केलंय. मग मी त्याला आणखी एक तारीख सांगितली, 20 मार्च 2034. त्या दिवशी खग्रासाचा पट्टा कारगिलच्या भागावरून जातो. मार्चमध्ये तिथे बर्फ असतो, झोजीला भरवशाचा नसतो. मी तेव्हा चौऱ्याहत्तरचा असेन. रेकी आत्ताच सुरू करावी लागेल, असं मी म्हणालो.

तो म्हणाला, "चला साहेब. डावा डोळा ठणठणीत हाय. फकस्त यावेळी गार्डवर दुसरं कुणीतरी लावा."

मी सांगितलं, गार्डवर जो कुणी असेल, त्यालाही चष्मा देऊ.

2 ऑगस्ट 2027. तारीख लिहून घ्या, आणि बाहेर राहणाऱ्यांची यादी आजच करायला घ्या.

जय हिंद.